वेडा म्हणता, मग त्याची सही कशी चालते?

गुहागरकर:
गणपतीत सगळी घरी होती. आरती झाल्यावर काकांच्या वाट्याचा विषय निघाला. काकांना स्किझोफ्रेनिया आहे, वीसेक वर्षं गोळ्या चालू आहेत. "वेड्याला आंब्याची कलमं कशाला? हक्कसोडपत्रावर अंगठा घ्या," असं मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलं. काका पडवीतच बसले होते, सगळं ऐकत. ते रोज पेपर वाचतात, सही करतात. आजारामुळे वारसा जात नाही, हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चं कलम 28 हेच सांगतं. आणि वेडाच ठरवायचा असेल तर करार कायद्याप्रमाणे ती सहीच टिकणार नाही. शहाणा असेल तर त्याची मर्जी विचारा!

देवगडची सून:
कायदा सांगणं सोपं आहे. माझ्या दिराला आम्ही रात्री विहिरीच्या काठावरून ओढून आणलंय. गोळ्या सोडल्या की महिन्याभरात बिघडतो, आणि मनाविरुद्ध दाखल करायचं तर दोघांनी तपासायला हवं. इथून रत्नागिरीच्या मनोरुग्णालयापर्यंत त्याला गाडीत धरून कोण बसणार? जमीन त्याच्या नावावर राहिली तर कोणीही गोड बोलून सही घेईल. घरच्यांच्या नावावर असलेली बरी.

गुहागरकर:
ताई, तुमचं जागरण मला नाकारायचं नाही. पण त्या दोघांत एक मनोविकारतज्ज्ञ हवा, दुसरा साधा डॉक्टरही चालतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 89 रुग्णाच्या प्रतिनिधीच्या अर्जावर 30 दिवसांपर्यंत दाखल करू देतं. फसवणुकीची भीती खरी आहे. त्यासाठी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे निर्णय त्याला विचारून, पालक आणि तो दोघांनी मिळून घ्यायचा. गोड बोलून सही घेणारा परकाच असतो असंही नाही. आमच्याकडे तो घरातलाच निघाला.

राजापूरचा एक:
मी स्वतः बायपोलर आहे. बिघडलो तर कुठले उपचार करायचे, कुठले नकोत, हे बरा असताना लिहून ठेवलंय, त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 5 तशी मुभा देतं. प्रतिनिधी म्हणून बहिणीचं नाव दिलंय. एकदा नातेवाइकांनी मला खोलीत कोंडलं होतं. त्या चार दिवसांत जेवण आत येत होतं, पण माझ्याशी बोललं कोणीच नाही. ताई, तुम्ही दिराला ओढून आणलंत म्हणून तो आहे. आता तो बरा असेल तेव्हा त्याच्याशी बसून हे लिहून घ्या.

देवगडची सून:
सध्या बरा आहे. शनिवारी विचारते. बहुतेक तो माझंच नाव सांगेल. जमिनीचं मात्र मला अजून पटलेलं नाही.