‘ऑथेंटिसिटी’ला मराठीत काय म्हणायचं?

माझी भाची पणजीत एका वकिलांकडे उमेदवारी करते. परवा तिचा फोन आला. “मावशी, ‘ऑथेंटिसिटी ऑफ द डॉक्युमेंट’चं मी ‘दस्तऐवजाची सत्यता’ केलं, तर सरांनी ते खोडलं. माझं चुकलं कुठे?” फोनवर थोडक्यात सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

उदाहरण घरचंच घेते. माझ्या आजोबांचा जन्मदाखला पोर्तुगीज अमदानीतला. पिवळा पडलेला कागद, खाली शिक्का, आणि वळणदार तिरप्या अक्षरात आडनाव लिहिलंय ‘पोरोबो’. आम्ही प्रभू. गोव्यात अशी घरं पुष्कळ सापडतील. कामतांचे ‘कामोतीं’ झाले, शेणव्यांचे ‘सिनाय’. त्या दाखल्यात जन्मतारीखही एका दिवसाने चुकली आहे, असं आजोबांची आई शेवटपर्यंत सांगायची. मग हा दाखला ऑथेंटिक आहे का? निःसंशय आहे. ज्या कचेरीचा शिक्का आहे, त्याच कचेरीतून तो आला आहे. त्यातली तारीख खरी आहे का? नाही. कोर्टातही कागद सिद्ध करणं वेगळं आणि कागदातला मजकूर खरा ठरवणं वेगळं. वकिलांनी शब्द खोडला तो यासाठी.

अशा जागी मला ‘अस्सलपणा’ पटतो. अस्सल मूळचा अरबी, ‘असल’ म्हणजे मूळ, मुळी. त्याची जोडी नक्कलशी, आणि तीही अरबीच. जुन्या दप्तरांत नकलेवर ‘अस्सल बरहुकूम’, म्हणजे मुळाप्रमाणे, असा शेरा असे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला, तोही याच अर्थाने: त्या काळात, त्या माणसाने, त्या कामासाठी लिहिलेला कागद.

पण भाचीचा शब्द अगदीच निराधार नव्हता, हेही सांगायला हवं. अठराव्या शतकातले काही इंग्रज लेखक ‘जेन्युइन’ आणि ‘ऑथेंटिक’ यांत काटेकोर भेद करत. ज्याचं नाव आहे त्यानेच लिहिलेला ग्रंथ जेन्युइन, आणि ज्यातली हकीकत घडली तशी सांगितली आहे तो ऑथेंटिक. त्या हिशेबाने आजोबांचा दाखला जेन्युइन ठरेल, ऑथेंटिक नाही! आज बोलण्या-लिहिण्यात हा भेद जवळजवळ पुसला गेला आहे.

शब्दाचं मूळ ग्रीक. ‘ऑथेंटेस’ म्हणजे स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अधिकारात काही करणारा. म्हणजे या शब्दात अधिकाराची छटा पहिल्यापासून आहे, आणि ती विसरली की भाषांतर फसतं. संयुक्त राष्ट्रांच्या 1945च्या सनदेचं 111वं कलम बघा. चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी आणि स्पॅनिश या पाचही संहिता ‘इक्वली ऑथेंटिक’ आहेत, असं ते म्हणतं. ‘सारख्याच अस्सल’ लिहिलं तर वाचणारा विचारेल, मग बाकीच्या कुठल्या नक्कल? इथे ‘सारख्याच प्रमाणभूत’ हवं. अर्थाचा वाद झाला तर पाचांपैकी कुणाचाही शब्द दुसऱ्याहून हलका नाही, एवढंच सांगायचं आहे.

‘प्रामाणिक’ मात्र टाळा. हिंदीत प्रामाणिक ग्रंथ चालतो. मराठीत प्रामाणिक माणूसच असतो. हिंदीवरून उतरवलेल्या मजकुरात ‘प्रामाणिक दस्तऐवज’ दिसतो तेव्हा मला फार खटकतं.

आणि माणसाबद्दल? मेरियम-वेबस्टर कोशाने 2023चा शब्द म्हणून ‘ऑथेंटिक’ निवडला, तेव्हा त्यात हाही अर्थ होता: स्वतःशी इमान राखून जगणारा. प्रामाणिक माणूस दुसऱ्याला फसवत नाही. हा माणूस जे नाही त्याचं सोंग घेत नाही. आपल्याकडे ‘पोटात एक ओठात एक’ म्हणतात, त्याच्या नेमका उलट. ‘सच्चा’, ‘सच्चेपणा’ हे शब्द मला इथे पुरेसे वाटतात. त्यासाठी नवा संस्कृत शब्द घडवायची गरज नाही.

राहिल्या ‘ऑथेंटिक गोवन फूड’च्या पाट्या. इथे पुष्कळ जण ऑथेंटिकचा अर्थ ‘पुरातन’ असा धरतात आणि मग भांडत बसतात. हुमणातली, म्हणजे माशांच्या आमटीतली, मिरची पोर्तुगीजांनी आणली, काजूचं झाड ब्राझीलमधून आलं. म्हणून काजूची फेणी अस्सल नाही का? बोंडू म्हणजे काजूची फळं कोळंबीत, म्हणजे तुडवण्याच्या कुंडात, पायांनी तुडवायची, रस भाटीवर (दारूच्या भट्टीवर) चढवायचा, आधी पहिल्या धारेचा उर्राक काढायचा आणि मग फेणी, ही रीत इथल्या हातांची आहे. गोव्याच्या काजूफेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच भूमीच्या नावाने. झाड परकं असलं तरी फेणीचं मूळ इथेच आहे, आणि अस्सल हा शब्द मुळाचंच विचारतो.

भाचीने वाक्य पुन्हा लिहून पाठवलं: ‘सदर दस्तऐवजाच्या अस्सलपणाबद्दल वाद नाही, त्यातील मजकुराची सत्यता वादीस मान्य नाही.’ दोन्ही शब्द आपापल्या जागी बसले आहेत. यातलं एक अक्षरही मी बदललं नाही.