विषय: व्हिटन ओव्हल मंडळाला मिळेल का?

प्रेषक: टार्नेटचा क्रिकेटवाला

मंडळी, नमस्कार.

उन्हाळी क्रिकेट स्पर्धेसाठी क्रीडा समिती मैदान शोधतेय असं कळलं. दर वर्षी आपण कुठल्या तरी टोकाच्या रिझर्व्हवर (काउन्सिलच्या सार्वजनिक मैदानावर) जातो. सावलीला एक झाड, टॉयलेटला कुलूप आणि आजी-आजोबा घडीच्या खुर्च्यांवर वारा खात बसलेले. या वेळी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या फुट्सक्रेमधल्या व्हिटन ओव्हलसाठी का नाही विचारायचं? बसायला स्टँड आहे, दिवे आहेत, ट्रेन जवळ आहे, बार्कली स्ट्रीटवर डोसा-चाट-बिर्याणी हाताशी आहे. तिथल्या फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) क्लबच्या, म्हणजे वेस्टर्न बुलडॉग्जच्या, पुरुषांच्या मॅचेस तिथे होतच नाहीत, त्या डॉकलंड्सच्या स्टेडियमला असतात. म्हणजे हे मैदान नुसतं प्रॅक्टिसला. बाकी वेळ रिकामं. सार्वजनिक जागा आहे आणि काउन्सिलचे रेट्स (घरपट्टी) आपणही भरतो. एक ईमेल टाकायला काय जातं?

प्रेषक: वेस्ट फुट्सक्रेचे काका

अरे बाबा, रेट्स तू विंडम काउन्सिलला भरतोस आणि ओव्हल आहे मॅरिबर्नाँग काउन्सिलमध्ये. तेव्हा तो मुद्दा आधी बाजूला ठेव. ईमेल जरूर टाक, पण उत्तर काय येईल ते मी आत्ताच सांगतो.

तुझी पहिली ओव्हर टाकायची कुठे? एएफएल (फुटीची राष्ट्रीय लीग) क्लबच्या सरावाच्या मैदानात मधोमध क्रिकेटची खेळपट्टी ठेवत नाहीत. दिवसभर पळणाऱ्या, उड्या मारून आपटणाऱ्या खेळाडूंच्या गुडघ्यांना मधली कडक पट्टी नको असते. गंमत म्हणजे फुटी हा खेळ जन्मला क्रिकेटच्याच मांडीवर. 1858 मध्ये टॉम विल्सने मेलबर्नच्या एका खेळ-साप्ताहिकात पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटपटू आळसावतात, त्यांना तंदुरुस्त ठेवायला फुटबॉल क्लब काढा. पुढच्याच वर्षी नियम लिहून झाले. मैदान लंबगोल, कारण मैदानं क्रिकेटचीच होती. आणि शेवट बघ: एमसीजीच्या शेजारच्या पंट रोड ओव्हलवर रिचमंड क्रिकेट क्लब एकोणिसाव्या शतकापासून खेळत होता. 2011 मध्ये त्यांनी बाडबिस्तरा बांधला आणि थेट ग्लेन वेव्हर्ली गाठलं. पाहुणी म्हणून आलेली फुटीच घरमालक झाली.

आता ‘रिकामं’ या तुझ्या शब्दाबद्दल. पुरुषांचा संघ, महिलांचा संघ, शिवाय व्हीएफएलमध्ये (एएफएलच्या खालच्या लीगमध्ये) खेळणारा फुट्सक्रेचा संघ, सगळे त्याच गवतावर. आत क्लबची ऑफिसं, जिम, मुलांचं चाइल्डकेअरसुद्धा. वर गवताचीही तब्येत असते. दुष्काळाच्या वर्षांत, 2007 च्या आसपास, पाणीबंदीमुळे मेलबर्नमध्ये कितीतरी मैदानं बंद ठेवावी लागली होती. त्यानंतर अनेक काउन्सिलांनी कमी पाण्यावर तगणारं काउच गवत लावलं. ते उन्हाळ्यात फोफावतं, थंडीत झोपतं. म्हणजे फुटीच्या हंगामात मैदान तुडवलं जातं नेमकं तेव्हा, जेव्हा गवत भरून येत नाही. ऑक्टोबरपासून त्याला उसंत हवी असते आणि आपण नेमकं तेव्हाच स्पाइक्स घालून जाणार.

पण खरं कारण माझ्या मते वेगळं आहे. ती जागा त्यांच्या दृष्टीने नुसतं मैदान नाही. 1989 मध्ये लीगने फुट्सक्रे क्लबला (आजचे बुलडॉग्ज) फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन करायचं जाहीर केलं होतं. क्लब कर्जात बुडालेला. आयरीन चॅटफील्ड नावाची एक साधी सभासद बाई सुप्रीम कोर्टात गेली आणि क्लबला पैसे उभे करायला तीन आठवडे मिळाले. मग काय, दुकानांसमोर डबे वाजवत वर्गणी गोळा झाली. गिरणगावात संपाच्या काळात जी माणसं असतील ना, तशीच इथली: कारखान्यातली, गोदीतली, ग्रीक, इटालियन, व्हिएतनामी. पैसे जमले, विलीनीकरण बारगळलं. फिट्झरॉयचं पुढे 1996 नंतर काय झालं ते ठाऊकच आहे, ब्रिस्बेनमध्ये विरघळला.

फुटीपटू टेड व्हिटन इथलाच. 321 सामने एका क्लबकडून. 1995 च्या जूनमध्ये एमसीजीवर उघड्या गाडीतून त्याची फेरी झाली तेव्हा कॅन्सरने त्याची दृष्टी गेली होती. ऑगस्टमध्ये तो गेला आणि वेस्टर्न ओव्हलचं नाव व्हिटन ओव्हल झालं. 1997 नंतर पुरुषांच्या लीग मॅचेस तिथून गेल्या. तरी 2016 मध्ये, 1954 नंतर पहिल्यांदा प्रीमियरशिप मिळाली, तेव्हा दुसऱ्या दिवशी लोक कुठे जमले? डॉकलंड्सला नाही. त्या वाऱ्याने झोडपलेल्या जुन्या ओव्हलवर. (वाऱ्याचं खरंच सांगतो, तिथे तुझा लेग स्पिन नव्हे, तुझी टोपीसुद्धा वळेल.)

तेव्हा तिथे आपण पाहुणे म्हणून जाऊ या, भाडेकरू म्हणून नको. स्पर्धेसाठी साधं काउन्सिलचं रिझर्व्ह घ्या, मधोमध सिंथेटिक विकेट असलेलं. त्यात कमीपणा कसला?

प्रेषक: पॉइंट कुकची एक आई

काका, इतिहास छान, पण एक गोष्ट राहिली. माझी लेक ऑसकिकपासून (लहान मुलांच्या फुटी वर्गापासून) फुटी खेळते, आता मुलींच्या टीममध्ये आहे. तिच्यासाठी व्हिटन ओव्हल म्हणजे टेड व्हिटन नाही, तिच्यासाठी ती एएफएलडब्ल्यूची, म्हणजे महिलांच्या लीगची जागा. 2016 च्या सप्टेंबरमध्ये लीग सुरू व्हायच्या आधी तिथे महिलांचा प्रदर्शनी सामना झाला, मोआना होपने सहा गोल मारले, आणि टीव्हीवर इतके लोक बघतील असं कुणाला वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षी लीग सुरू झाली, 2018 मध्ये बुलडॉग्जच्या बायकांनी जिंकलीसुद्धा.

आणि समितीला विनंती: रिझर्व्ह निवडताना चेंजरूम बघून घ्या हो. आपल्या भागातली बरीच पॅव्हेलियन्स फक्त पुरुष खेळतील असं धरून बांधलेली. उघडे शॉवर, भिंतीला युरिनल आणि मुली गाडीत कपडे बदलतात. सरकारी अनुदानातून आता खूप ठिकाणी नवीन बांधलीत. आपल्या महिलांच्या संघाला तसलं मैदान मिळालं तर स्टँडची हौस मी सोडून देईन.

प्रेषक: क्रीडा समिती

सर्वांना धन्यवाद. (काकांना विशेष, पण पुढचं पत्र दोन भागांत पाठवावं ही नम्र विनंती.)

समितीने चौकशी केली. काउन्सिलची मैदानं हंगामानुसार दिली जातात: साधारण ऑक्टोबर ते मार्च क्रिकेट, एप्रिल ते सप्टेंबर फुटी. मध्ये गोलपोस्ट काढणं, सिंथेटिक विकेटवरचं आच्छादन काढणं यात काही दिवस मैदान बंद असतं. शनिवार हंगामी क्लबांकडे, त्यामुळे आपल्यासारख्यांना एखाददुसरा रविवार, तोही त्या क्लबच्या संमतीने. पब्लिक लायेबिलिटी विम्याचा दाखला लागतो. तो मंडळाकडे आहे. दिवे हा मुद्दा सोडून द्यावा. छोट्या मैदानांवरचे दिवे बहुधा फुटीच्या सरावापुरते, 50 लक्सच्या (उजेडाचं माप) आसपास. त्यात टेनिस बॉलसुद्धा दिसत नाही, लेदर बॉलने खेळणं म्हणजे नाकाशी वैर.

विंडममधल्या दोन रिझर्व्हसाठी अर्ज करत आहोत. अट क्रमांक एक, चेंजरूम. अट क्रमांक दोन, उघडं टॉयलेट. सावलीसाठी मंडळाचे गझीबो आणू. ते उभे करायला सकाळी सात वाजता चार तरुण हात हवेत. गेल्या वेळी हात उठले बरेच, पोचले थोडे.

काका म्हणतात तसं पाहुणे म्हणून, व्हिटन ओव्हलवर बुलडॉग्जच्या एएफएलडब्ल्यू मॅचला मंडळाचा ग्रुप नेण्याची कल्पना आवडली. हंगाम साधारण ऑगस्टपासून. फिक्श्चर (सामन्यांचं वेळापत्रक) आलं की तारीख कळवू.

प्रेषक: टार्नेटचा क्रिकेटवाला

गझीबोला मी आहे. मॅचलाही येतो, नंतर बार्कली स्ट्रीटवर जेवायचं असेल तर.

ईमेल मात्र मी क्लबला टाकलेलाच आहे. क्रिकेटचा नाही. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी आपल्या पोरांना ओव्हलवर फुटी शिकवाल का, असं विचारलंय. काका, तुम्ही येणार असाल तर आयरीनबाईंची गोष्ट मुलांना तुम्हीच सांगा. पाच मिनिटांत बसवा पण.