मदत हवी आहे: अपाची कॅमल २ वरून थेट ४ वर जावं का? आणि हा प्रकल्प नेमका चाललाय कुठे?

मंडळी नमस्कार,

जळगाव-धुळे पट्ट्यातल्या जिनिंग मिलना आम्ही सॉफ्टवेअर जोडून देतो. काटा एका कंपनीचा, हिशेब टॅलीत, शेतकऱ्याचं पेमेंट बँकेच्या फाइलने, गाठी निघाल्या की ई-वे बिल. या सगळ्यांच्या मधे अपाची कॅमल बसलंय, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती इकडून तिकडे नेणारी जावातली फुकट मिळणारी चौकट. गाडी काट्यावरून उतरली की काट्याचं सॉफ्टवेअर फोल्डरमध्ये पावतीची फाइल टाकतं. कॅमल ती उचलून एक्सएमएल करतं आणि टॅलीच्या ९००० पोर्टवर देतं. फाइल हळूहळू लिहिली जाते, म्हणून 'रीडलॉक=चेंज्ड' (फाइल बदलायची थांबेपर्यंत वाट बघ) लावलंय, नाहीतर अर्धीच पावती उचलली जाते. लाइट जाऊन आल्यावर तीच पावती परत चढू नये म्हणून आयडेम्पोटंट रिपॉझिटरी, म्हणजे चढलेल्या पावत्यांची नोंदवही.

हे सगळं कॅमल २ आणि जावा ८ वर, आणि तक्रार शून्य. पण एका मालकाच्या ऑडिटरने विचारलं, याला सिक्युरिटी अपडेट येतात का? येत नाहीत. कॅमल ३ आलं २०१९ ला, ४ आलं २०२३ ला, २ कधीच बंद झालं.

नव्या आवृत्त्यांबद्दल वाचायला बसलं की क्यूबरनेटीस, क्वार्कस, काफ्का असली क्लाउडवाल्यांची अवजारं आणि आता एआयचे कंपोनंट (जोडणीचे तयार भाग). आमच्याकडे काट्याच्या केबिनमध्ये टेबलाखाली सरकीच्या धुळीत बसलेला एक पीसी आहे. या दिशेत आमच्यासारख्यांना जागा आहे का, की आत्ताच दुसरं काही बघावं? हंगाम सुरू होतानाच्या काटापूजनाच्या आधी ठरवायचंय, नंतर मालक मशीनला हात लावू देणार नाही.

तापीकाठ:
भाऊ, घोषणा बघू नका, कोअर बघा. ३ मध्ये कोअरचे छोटे मॉड्यूल केले, ते हलकं आणि लवकर सुरू व्हावं म्हणून. त्याचा फायदा क्लाउडवाल्यांना झाला तसा तुमच्या पीसीलाही. कॅमल-मेन (कॅमल एकटं चालवायचा भाग) घेतलं तर स्प्रिंग बूटसारखी मोठी जावा चौकटसुद्धा लागत नाही, साधी जावा प्रोसेस चालते. फाइल कंपोनंट तर पहिल्या आवृत्तीपासूनचा आहे, तो कुठे जात नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. वर्षातून दोन एलटीएस (जास्त काळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्त्या) निघतात आणि प्रत्येकीला आधार साधारण वर्षभरच. आपल्याकडचा खाक्या म्हणजे एकदा बसवलं की मशीन जळेपर्यंत बघायचं नाही. तो बंद करावा लागेल. उन्हाळ्यात मिल बंद असते तेव्हा अपग्रेड, आणि त्याचे पैसे एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) आधीच धरा. मालक कुरकुर करेल, करू द्या.

भरीत_पार्टी:
एक फाइल उचलायची नि टॅलीला द्यायची, याला कॅमल कशाला भो? पायथनची स्क्रिप्ट लिही, मोकळा हो.

धागाकर्ता:
टॅली बंद असेल तर थांबून परत पाठवायचं, तरी नाही गेलं तर बाजूला ठेवून मुनीमजींना मेसेज करायचा, बँकेची फाइल वेगळ्या साच्यात बनवायची. हे सगळं स्क्रिप्टमध्ये लिहीत बसलो तर मोडकंतोडकं कॅमलच तयार होईल.

सातपुडा_बाइट:
४ ला किमान जावा १७ लागतं. जावा आणि कॅमल एकदम बदललंत तर काय कशामुळे मोडलं ते कळणार नाही. ३.१४ ही जावा ८ वर चालणारी शेवटची एलटीएस. तिचाही आधार संपलाय, म्हणून मिलमध्ये बसवू नका, फक्त ऑफिसात पायरी म्हणून वापरा. ३ मध्ये कंपोनंटची नावं बदललीत: 'एचटीटीपी४' चं 'एचटीटीपी' झालंय, 'क्वार्ट्झ२' चं 'क्वार्ट्झ'. सिंपलमध्ये (कॅमलची छोटी सूत्र-भाषा) 'प्रॉपर्टी' लिहिलं असेल तिथे 'एक्स्चेंजप्रॉपर्टी' करा. फाइल आयडेम्पोटंट रिपॉझिटरीचं पॅकेजही हललंय. तिथे पक्की चाचणी घ्या, दोनदा चढलेली पावती म्हणजे शेतकऱ्याला दोनदा पेमेंट. सगळ्या चाचण्या हिरव्या (पास) झाल्या की जावा १७ आणि ४ ची चालू एलटीएस.

धागाकर्ता:
हे पटलं. तापीकाठ, एएमसीचं कोटेशन आजच बदलतो. एक राहिलं: आमचे रूट (कुठून उचलायचं, कुठे द्यायचं ते सांगणाऱ्या फाइली) सगळे स्प्रिंग एक्सएमएलमध्ये आहेत. ते वायएएमएलमध्ये नव्याने लिहावे लागतील का?

सातपुडा_बाइट:
नाही. कॅमल-स्प्रिंग-एक्सएमएल ही वेगळी डिपेन्डन्सी (जोड लायब्ररी) घ्या, एक्सएमएल चालतं. फक्त नावं बदला, बाकी सीझन संपल्यावर.