मदत हवी आहे: आईला इबुसुकीच्या गरम वाळूत नेऊ का? (बीपी, गुडघे आणि हातावरचं गोंदण)

नमस्कार मंडळी,

आम्ही जपानमध्ये, फुकुओकात राहतो. एप्रिलमध्ये आई-बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच येतायत. आईला कागोशिमाच्या खाली, इबुसुकीला वाळूस्नानाला न्यावं असं फार मनात आहे. तुमच्यापैकी कुणी घरच्या वडीलधाऱ्यांना तिथे नेलं असेल तर कृपया अनुभव सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिथल्या किनाऱ्याखाली गरम झरे आहेत, त्यामुळे वाळू खालून तापते. अंगावर नुसता युकाता (पातळ सुती किमोनो), डोक्याला टॉवेल, आणि उकरलेल्या खळग्यात उताणं झोपायचं. मग तिथली माणसं फावड्याने गळ्यापर्यंत काळी ओलसर वाळू टाकतात. वाळू ५० ते ५५ अंशांची, वेळ साधारण १० मिनिटं. मी गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर जाऊन आले. आधी जाणवतं ते वजन, ओल्या गोधड्या एकावर एक टाकल्यासारखं. थोड्या वेळाने बोटांच्या टोकांत आणि तळपायांत नाडी उडायला लागते. टाचा सगळ्यात आधी पोळतात. पण त्यानंतर माझी कंबर कित्येक दिवस इतकी मोकळी होती की तेव्हाच आईची आठवण आली. ती घरी तव्यावर वाळू तापवून, फडक्यात बांधून गुडघे शेकते.

काळजी बीपीची आहे. तिला रोजची गोळी आहे. डॉक्टरांना विचारणारच आहे, त्यांनी नको म्हटलं तर विषय संपला. पण त्यांना हा प्रकार नीट समजावून सांगायला मला प्रत्यक्ष माहिती हवी आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो, वर गोळीचा असर, म्हणजे उठताना चक्कर यायची भीती. मलाही उठल्यावर क्षणभर खांब धरावा लागला होता. वाळू कमी टाका, पाचच मिनिटं ठेवा, असं सांगितलं तर ऐकतात का? फक्त पायांवर वाळू घेता येते का? आणि गुडघे धरलेल्या माणसाला जमिनीवरून उठवायला तिथल्या बायका हात देतात का?

दुसरा प्रश्न गोंदणाचा. आईच्या हातावर तुळस आहे आणि कपाळावर हिरवा ठिपका, लग्नाआधी तिच्या आजीने गोंदवून घेतलेला. इथे टॅटूवाल्यांना पुष्कळ ऑनसेनमध्ये (गरम झऱ्यांच्या स्नानगृहांत) घेत नाहीत. २०१३ मध्ये उत्तरेकडच्या होक्काइदोत न्यूझीलंडच्या एका माओरी (तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या) पाहुण्या बाईंनाही चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे परत पाठवलं होतं. हातावर त्वचेच्या रंगाची पट्टी लावता येईल, पण कपाळाचं काय? तिला दारातून परत पाठवलं तर मला ते सहन होणार नाही, म्हणून आधी फोन करूनच जाणार. कुणाच्या आईला किंवा सासूबाईंना असा अनुभव आलाय का?

वाळूतून उठल्यावर अंग धुवायला सगळ्या बायका विवस्त्र होऊन एकत्र न्हाणीत जातात. मला आता त्याचं काही वाटत नाही, पण आई तयार होणार नाही, आणि तिला आग्रह करायची माझी इच्छाही नाही. पडदा असलेला शॉवर कुठे आहे का? की वेगळी खाजगी न्हाणी तासावर देणारं हॉटेलच घ्यावं? मंगळसूत्र ती काढणार नाही, तर वाळूत गळ्यात राहिलेलं चालतं का, तेही सांगा.

फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून कागोशिमा-चूओ स्टेशनपर्यंत शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) दीड तासाच्या आसपास आणि पुढे इबुसुकीला अजून तासभर. एका दिवसात जाऊन येणं आईला झेपेल की मुक्काम करावा? बुकिंग याच आठवड्यात करायचंय, त्यामुळे जमेल तितक्या लवकर लिहा.