होडी तयार पण इपॉक्सी चिकट, नारळी पौर्णिमेला पाण्यात जाईल का? (मदत हवी आहे)

मंडळी, नमनाला घडाभर तेल घालत नाही. बोरिवलीला आमच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये जानेवारीपासून बारा फुटी होडी बनवतोय, ६ एमएम मरीन प्लाय (७१० मार्कवालं), फळ्या तांब्याच्या तारेने शिवून सांधे इपॉक्सीत (दोन भाग मिसळले की कडक होणारा राळेसारखा गोंद) भुसा कालवून भरले आणि वरून फायबरचं कापड. सेक्रेटरी रोज विचारतात, "अहो, गाडी कधी लावणार इथे?"

मे पर्यंत सगळं झकास होतं, पण इपॉक्सीचा शेवटचा कोट मी शहाण्याने जुलैच्या धो धो पावसात मारला. आता दहा दिवस झाले, खाली कडक आहे पण वरून मेणचट, बोट फिरवलं की तेलकट लागतं, पॉलिश पेपर दोन मिनिटांत बुजतो. दुकानदार म्हणाला थिनरने पुसा आणि ऑइल पेंट मारा. बुडाला एका कोपऱ्यात करून बघितलं, पाच दिवस झाले, तो रंग अजून हाताला येतोय!

गोराईचे आमचे चुलत सासरे म्हणतात, पावसात होड्या शाकारून ठेवतात, रंग कसला काढतोस, आणि काजूच्या टरफलाचं तेल लाव. साध्या लाकडाला ते ठीक, पण इपॉक्सीवर?

तर सगळं खरवडावं लागेल का? आणि रंग न देता एक दिवस तशीच नेली तर? सासूबाईंनी नारळ आणून ठेवलाय.

प्रतिसाद १
खरवडू नका दादा! दमट हवेत हार्डनर (इपॉक्सी कडक करणारा दुसरा भाग) हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी खेळतो, त्याचा तो थर. पाण्यात विरघळतो, थिनरने नुसता पसरतो. साधं पाणी आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, दोनतीनदा घासा, दरवेळी पाणी बदला, कोरड्या फडक्याने पुसा आणि मगच पेपर मारा. पांढरी पूड निघाली तर जिंकलात. धुऊनही नख रुतत असेल तर मात्र मिक्सिंगचं माप चुकलंय, मग खरवडणं आलंच. तेल अजिबात नको, वर काही धरणार नाही. ऑइल पेंटऐवजी दोन डब्यांचा, मिसळून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घ्या. एक दिवस बिनरंगाची चालेल, पण उन्हात कायम ठेवू नका, इपॉक्सीला ऊन सोसत नाही. आणि स्क्रूची भोकं आतून सील केलीत ना? प्लाय तिथूनच पाणी पितं.

प्रतिसाद २
भरतीची वेळ काढायला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पौर्णिमेला (पंधराची) सव्वाअकरा वाजता येते, मुंबईत त्याच्याही नंतर, तक्ता बघूनच निघा. उधाण असतं, ओहोटीला खाडी ओढून नेते. लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी.

धागाकर्ता
रात्री तीनदा धुतली. सकाळी पेपर मारला तर पांढरी पूड!! रंगवलेला कोपरा तेवढा खरवडतोय. स्क्रूच्या भोकांचं मात्र… नाही केलंय. आज तेच.