एचबीए१सी : कृष्णवर्णीयांसाठी वेगळी रेष हवी की नको?

पैलतीर
अमेरिकेतल्या २०१७ च्या एका अभ्यासात टाइप १ मधुमेहाच्या १०४ कृष्णवर्णीय आणि १०४ गोऱ्या रुग्णांना साखर सतत मोजणारे सेन्सर लावले, बारा आठवडे. सरासरी साखर सारखी धरली तरी कृष्णवर्णीयांचा एचबीए१सी (तांबड्या पेशींतल्या किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली तो आकडा; यावरून दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज बांधतात) ०.४ ने वर आला. म्हणजे गोऱ्याचा ७.० असेल तर याचा ७.४. डॉक्टर याला म्हणणार, इन्सुलिन वाढवा. वाढवलं आणि मध्यरात्री साखर ५० पर्यंत घसरली तर जबाबदार कोण? मधुमेहाच्या निदानाची ६.५ ची रेष सगळ्यांना एकच का? आपल्या आशियाई लोकांसाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने तपासणीची बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाची) रेष २५ वरून २३ वर आणली, तेव्हा कुणी ओरड केली नाही. माझं स्पष्ट मत : गटानुसार रेष वेगळी हवी.

चष्मेबद्दूर
असहमत. तुम्ही नाण्याची एकच बाजू दाखवलीत. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातली डोळ्यांची आकडेवारी तपासली गेली. गोऱ्यांत डोळ्याचा पडदा खराब होण्याचं प्रमाण एचबीए१सी ६.० ते ६.४ च्या टप्प्यात वाढायला लागलं, कृष्णवर्णीयांत ५.५ ते ५.९ मध्येच. आकडा 'उगाच' वर असता तर त्यांचे डोळे उशिरा बिघडायला हवे होते. झालं उलटंच. तुम्ही त्यांची रेष ६.९ वर नेणार, आणि ज्यांचा पडदा आधीच बिघडतोय त्यांना 'नॉर्मल' म्हणून घरी धाडणार.

पैलतीर
पडदा काय फक्त साखरेने बिघडतो? रक्तदाब, विम्याची बोंब, उशिरा मिळालेले उपचार, हे सगळं त्यात आहेच. आणि त्या २०१७ च्या अभ्यासात फ्रुक्टोसामीन आणि ग्लायकेटेड अल्ब्युमिनमध्ये (रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणाऱ्या चाचण्या) दोन गटांत तसा फरक सापडला नाही. दोन्ही चाचण्यांचा तांबड्या पेशींशी संबंध नाही. मग गडबड पेशीत आहे, साखरेत नाही.

चष्मेबद्दूर
एरिक नावाच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात नेमक्या याच दोन चाचण्या कृष्णवर्णीयांत जास्त आल्या, उपाशीपोटीची साखर हिशेबात धरूनही. म्हणजे जेवणानंतर साखर खरोखरच चढत असेल, ही शक्यता उरतेच. तिथे मध्यमवयीन लोक, तुमच्याकडे टाइप १ चे. एका अभ्यासावर ठाम राहायला ही जागा बरी नाही.

सूक्ष्मदर्शी
दोघांचंही वाचलं. लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या) मशिनवर एचबीए१सी लावला की कागदावर शिखरांचा आलेख येतो. सिकलसेलचा (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला माणूस, असला की नेहमीच्या शिखरांपलीकडे आणखी एक ठसठशीत शिखर उभं दिसतं. पेशंटच्या हातात मात्र आलेख जात नाही, नुसता आकडा जातो. अमेरिकेतल्याच २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात सिकल वाहक कृष्णवर्णीयांचा एचबीए१सी, साखर तीच असताना, बाकीच्या कृष्णवर्णीयांपेक्षा सुमारे ०.३ ने *कमी* निघाला. त्याच वर्षी जी६पीडीचा (तांबड्या पेशीला जपणाऱ्या विकराचा) एक जनुकीय फरक समोर आला. सुमारे ११ टक्के आफ्रिकन अमेरिकनांत त्याची निदान एक प्रत असते, आणि तो असलेल्या पुरुषांत आकडा ०.८ च्या आसपास खाली येतो. तांबडी पेशी १२० दिवस जगायची ती लवकर मरते, साखर चिकटायला वेळच मिळत नाही.

पैलतीर, आता सांगा, कृष्णवर्णीयांची रेष वर न्यायची की खाली?

वैनगंगाकाठ
ताई, अगदी नेमकं बोललात! गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे सिकल वाहक गावोगाव आहेत. वर रक्त कमी असलेल्या बायका. लोह कमी असलं की पेशी जास्त दिवस टिकतात आणि एचबीए१सी फुगतो. एकाच तालुक्यात एकीचा खोटा कमी, दुसरीचा खोटा जास्त. इथे कुठला 'गट' लावणार? मराठी माणसाच्या पायाची सरासरी ८ नंबर म्हणून सगळ्यांना ८ चेच बूट विकायचे काय?

नुसताच_वाचक
मूत्रपिंडाचं उदाहरण विसरू नका. ईजीएफआरच्या (मूत्रपिंड रक्त किती गाळतं याच्या अंदाजाच्या) सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असला की उत्तराला १.१५९ ने गुणायचे. मूत्रपिंड कागदावर बरं दिसायचं आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. २०२१ मध्ये तो गुणक काढला. २०२३ मध्ये लोकांचा प्रतीक्षाकाळ मागे जाऊन दुरुस्त करायला लावला. हेतू तेव्हाही चांगलाच होता.

पैलतीर
मूत्रपिंडाचा मुद्दा वजनदार आहे, मानतो. पण बीएमआयला कुणी हात लावला नाही. तिथे गट चालतो, इथे का नाही?

चष्मेबद्दूर
लावतो. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचं काम तुम्हाला माहीत असेल. त्यांचा बीएमआय २२.३, ब्रिटिश सहकाऱ्याचाही तेवढाच, पण चरबी याज्ञिकांची २१ टक्के, सहकाऱ्याची ९. आपली रेष *खाली* आणली ती जास्त लोक तपासणीत यावेत म्हणून. चुकलं तर एक रक्तचाचणी फुकट जाईल. तुमची रेष *वर* जाते, ती चुकली तर डोळा जाईल.

पैलतीर
बरं, निदानाची रेष राहू दे. उपचाराचं लक्ष्य? ७.४ वाल्याला ७.० वर ढकलताना साखर घसरते, ते खोटं नाही ना? सेन्सर लावा म्हणाल, तर तो विमा देईल तेव्हा.

सूक्ष्मदर्शी
खोटं नाहीच. पण त्यासाठी त्याचा रंग कशाला बघायचा? घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी आणा : उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, थोड्या पहाटेच्याही. त्या आणि एचबीए१सी जुळत नसतील तर फ्रुक्टोसामीन लावा, हिमोग्लोबिन तपासा आणि लॅबकडे आलेख मागा. मागितला तर देतात. मागतच कुणी नाही.