जळगावात राहून पॅडलबोर्ड घ्यायचाय, हलका आणि २५ हजारांच्या आत. कोणता बघू?

वाघूरची_वाट
नमस्कार मंडळी. डिसेंबरात गोव्याला नदीत तासभर तो उभ्याने वल्हवायचा स्टँडअप पॅडलबोर्ड भाड्याने घेतला होता आणि तेव्हापासून तो डोक्यातून जातच नाहीये. पहिली पंधरा मिनिटं पाय नुसते लटलट कापत होते, मग अचानक जमलं, आणि नंतर जी शांतता होती ना, फक्त वल्ह्याचा आवाज, ती मला परत हवीये. दर वेळी गोवा तर शक्य नाही, इथे निदान थंडीत सकाळी धरणाच्या पाण्यावर जाता येईल असं वाटतं.
माझं वजन ५८, उंची ५ फूट ३ इंच, पोहता येतं बऱ्यापैकी. मुलगा ९ वर्षांचा आहे, २६ किलो, तो पुढे बसणारच. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गाडी म्हणजे स्कूटी. ऑनलाइन बघितलं तर एक ७ किलोचा आहे, एक १० किलोचा, फोटोत दोन्ही सारखेच. हलका तोच घ्यावा ना? आणि हवेचा बोर्ड आपल्याकडच्या उन्हात टिकतो का?

पांझराकाठ
ताई, तिसरा मजला आणि स्कूटी म्हटल्यावर फायबरचा कडक बोर्ड बादच झाला, हवेचाच घ्या. त्यात कमीपणा काही नाही, आत वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे हजारो धागे असतात म्हणून हवा भरल्यावर तो फुग्यासारखा गोल होत नाही, फळीसारखा सपाट आणि टणक होतो.
पण वजनाच्या आकड्यावर जाऊ नका. ७ किलोचा बोर्ड बहुतेक वेळा एकाच थराचा किंवा आखूड असतो, नाहीतर जाडी ४ इंचाची असते. तो मधोमध वाकतो, तुम्ही उभ्या राहिल्या की पायाखाली खोलगट होतो आणि तोल जातो, मग माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. तुम्ही १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड हे माप धरा, शिकणाऱ्याला हेच सोयीचं. पोरगा पुढे बसणार तर ३३-३४ इंच रुंदी मिळाली तर उत्तमच. दोघांचं मिळून ८४ किलो होतं, वर पाण्याची बाटली, जॅकेट. जेवढी क्षमता छापलेली असते तेवढं वजन टाकलं की बोर्ड पाण्यात बसतो आणि जडशीळ चालतो, म्हणून १३० किंवा जास्तच बघा.
अजून एक, दुकानदार फक्त बोर्डचं वजन सांगतो. वल्हं, पंप, फिन (बोर्डाखाली लावायचं पातं), बॅग धरून १३-१४ किलो होतात, जिना चढायचा तो त्या वजनाने. त्यामुळे बॅगेचे पट्टे रुंद आहेत का आणि कमरेला पट्टा आहे का ते विचारा, माझ्या मते ७ आणि १० किलोच्या फरकापेक्षा हे जास्त कामाला येतं.
वल्हं कमीजास्त करता येणारं घ्या, तुमच्या उंचीला साधारण १८० ते १८५ सेंटिमीटर लागेल. ॲल्युमिनियमचं चालेल सुरुवातीला. पातं वाकलेलं असतं, त्याचा कल पुढे, बोर्डच्या नाकाकडे हवा. नवीन माणूस हमखास उलटं धरतो.

भुसावळ४५अंश
उन्हाचं मी सांगतो कारण माझा बोर्ड त्यातूनच वाचलाय. सकाळी गारव्यात १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरला, नंतर काठावर उन्हात टाकून जेवायला बसलो, तासाभराने हात लावला तर दगड, शिवणीपाशी कड फुगलेली. हिशोब करून बघा, आतली हवा २० अंशांवरून ६० वर गेली तर १५ चे जवळजवळ १९ पीएसआय होतात, आणि काळ्या-निळ्या रंगाचा बोर्ड मे महिन्यात सहज तेवढा तापतो. पाण्यात असेपर्यंत काळजी नाही, पाणी त्याला थंड ठेवतं. बाहेर काढला की सावलीत ठेवायचा किंवा २-३ पीएसआय हवा सोडून द्यायची. आणि रंग पांढरा नाहीतर फिका घ्या, हे मी पहिल्यांदा घेताना कोणीच सांगितलं नव्हतं. घरी पण गच्चीवर पत्र्याखाली नका ठेवू, डिंक सुटतो.
दुसरं म्हणजे काटे!! आपल्या प्रत्येक धरणाच्या काठाला वेडी बाभूळ आहे. पाणी उतरलं की चिखलात काटे उभे राहतात, वरून दिसतच नाहीत. मी जुनी सतरंजी नेतो, तिच्यावर बोर्ड पसरवायचा, तिच्यावरच हवा भरायची, मग उचलून मांडीएवढ्या पाण्यात नेऊन ठेवायचा, ओढायचा अजिबात नाही. फिनसुद्धा तिथेच लावायची. पायात चपला ठेवा. पॅचचं सामान सोबत येतं पण त्याचा गोंद बऱ्याचदा वाळलेला निघतो, पीव्हीसीचा चांगला गोंद वेगळा घेऊन ठेवा.

तापीकाठचा_जुना
बोर्डबद्दल मला कळत नाही, पाण्याबद्दल कळतं, ५० वर्षं तापीवर काढली. बेटा, पोहता येतं म्हणून जॅकेट टाळू नको, आणि पोराला त्याच्या मापाचंच घे, मोठ्या माणसाचं जॅकेट लहान पोराच्या डोक्यावरून निघून जातं. २५ हजारांतून आधी जॅकेटचे पैसे बाजूला काढ, मग बोर्ड बघ.
पावसाळ्यात नदीवर जायचंच नाही. इकडे कडक ऊन असतं आणि वर विदर्भात पूर्णेला नाहीतर बऱ्हाणपूरकडे तापीला पाणी येतं, हतनूरचे ४१ दरवाजे आहेत, ते उघडायला लागले की खालचा काठ बघता बघता जातो. धरणावर जाशील तिथेही भिंतीपासून आणि सांडव्यापासून लांब राहा, आधी पाटबंधारेवाल्यांना विचार, बऱ्याच ठिकाणी उतरायला मनाई असते. मासेमारीची जाळी कुठे लावलीत ते भोई लोकांना विचारून घे, ते प्रेमाने सांगतात. तुझ्या त्या बोर्डाच्या खालचं पातं जाळ्यात अडकलं तर तुझं पण नुकसान आणि त्यांचं पण.

पांझराकाठ
काकांनी सांगितलं ते अगदी बरोबर. त्यात वाऱ्याचं जोडतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या आहेत त्यावरून आपल्याकडच्या वाऱ्याचा अंदाज येईल. सकाळी लवकर उतरा, आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा म्हणजे थकल्यावर तो परत आणतो. वारा सुटलाच तर लगेच गुडघ्यांवर बसा, उभं माणूस शिडासारखं वारा धरतं. पायाची दोरी, लीश, साठलेल्या पाण्यात कायम बांधा, पडलात तर बोर्ड वाऱ्याने तुमच्यापेक्षा जोरात पळतो. वाहत्या पाण्यात मात्र घोट्याला बांधायची नाही, दोरी झाडात अडकली तर सोडवता येत नाही, तिथे कमरेचा झटकन सुटणारा पट्टा लागतो.

वाघूरची_वाट
बापरे, किती आपुलकीने लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. काका, जॅकेटं आजच ऑर्डर केली, दोन्ही. ७ किलोचा यादीतून काढला. आता १० फूट ६ चा पांढरा, १० किलोचा, क्षमता १४० लिहिलीये, त्याच्यावर आलेय. एक शंका, सोबत हातपंप आहे. इलेक्ट्रिक लागेलच का? भावाचा गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर आहे तो चालेल?

भुसावळ४५अंश
टायरचा नको भो ताई, त्याच्यात दाब आहे पण हवा थोडी थोडी येते, एवढा मोठा बोर्ड भरेपर्यंत तो तापून बंद पडेल. हातपंप वर-खाली दोन्हीकडून हवा देणारा असेल तर १० मिनिटांत होतो. ८-९ पीएसआयनंतर जड जायला लागतं तेव्हा पंपाचं एकेरीचं बटण असतं ते फिरवायचं आणि हाताने न दाबता अंगाचा भार टाकायचा. पंपावरचा दाबाचा काटा सुरुवातीला शून्यावरच असतो बराच वेळ, घाबरू नका.
आणि हवा भरायच्या आधी व्हॉल्व्हमधली पिन वर आलेली हवी. खाली दबलेली राहिली तर सगळा घाम गाळून नळी काढाल आणि फुस्सकन सगळी हवा बाहेर. आधी घरात हॉलमध्ये भरून एक रात्र तसाच ठेवा, सकाळी परत काटा लावून बघा. कमी झाला असेल तर परत करायची मुदत असतानाच कळेल.